प्रत्यक्षाचा उपासक : कविराज गणनाथ सेन

सोडमुंजीच्या विधीत बटू छत्री आणि काठी घेऊन काशीला निघतो आणि मामा त्याला वाटेतून परत आणतो. या लुटुपुटीच्या प्रवासामागे एक खरी परंपरा आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थी शतकानुशतके शास्त्राध्ययनासाठी काशीला जात आले. व्याकरण, न्याय, वेदान्त यांच्याबरोबर वैद्यकाचाही त्या नगरीवर जुना हक्क आहे. काशिराज दिवोदास हा धन्वंतरीचा अवतार होता आणि त्याने सुश्रुतादी शिष्यांना शल्यशास्त्र सांगितले, अशी सुश्रुतसंहितेची परंपरा सांगते. त्याच काशीत इसवी सन १८७७ मध्ये एका बंगाली वैद्यकुळात गणनाथ सेन यांचा जन्म झाला. बंगालमध्ये वैद्याला कविराज म्हणतात. पुढे महामहोपाध्याय कविराज गणनाथ सेन सरस्वती या नावाने ते भारतभर ओळखले गेले. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित आहे. इतरांना मात्र त्यांच्या जीवनकार्याचा एक धागा मेंदूच्या अगदी आतल्या गाभ्यापर्यंत कसा जाऊन पोहोचला, हे सहसा ठाऊक नसते.

ज्या वारशात गणनाथांचा जन्म झाला, त्यात एक विलक्षण उपदेश जपलेला होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवाचे परीक्षण कसे करावे, याची तपशीलवार रीत सांगितली आहे. विषाने न मेलेल्या, दीर्घ व्याधीने न पछाडलेल्या माणसाचे शरीर घ्यावे, त्यातील आतड्यांचा मळ काढून टाकावा, ते मुंज, वल्कल, कुश अशा वस्तूंनी गुंडाळावे आणि पिंजऱ्यात ठेवून एकांतातील वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावे. सात दिवसांनी ते चांगले कुजले म्हणजे बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत जावे आणि त्वचेपासून आतले एकेक अंग डोळ्यांनी पाहावे. शस्त्राने कापण्याऐवजी पाण्याने आणि काळाने शरीर उलगडण्याची ही पद्धत होती. त्यामागचा विचार स्पष्ट होता. जे डोळ्यांनी पाहिले आणि जे शास्त्रात वाचले, ते दोन्ही एकत्र आले तरच ज्ञान वाढते, असे सुश्रुताचे सांगणे होते.

काळाच्या ओघात यातील अर्धा भाग हरपला. शवाला स्पर्श करणे निषिद्ध ठरले, पाहणे थांबले आणि केवळ पाठांतर उरले. संहितांच्या नकला करणाऱ्यांच्या हातून पाठभेद शिरले. चरकसंहितेत माणसाच्या हाडांची संख्या ३६०, तर शल्यतंत्राप्रमाणे ती ३००. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात आधुनिक शारीरशास्त्र २०६ हाडे मोजते. दात, नखे, कूर्चा यांचा समावेश करण्या-न करण्यावरून या आकड्यांतील बराचसा फरक उलगडतो. परंतु तो उलगडण्यासाठी सांगाडा समोर ठेवावा लागतो, आणि नेमके तेच कोणी करीत नव्हते. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदनात भाग घेतला, ती घटना म्हणूनच ऐतिहासिक मानली जाते. ते संस्कृतचे पंडित होते आणि वैद्यकुळातले होते. सुश्रुताने सांगितलेले पाहणे त्यांच्या हातून पुन्हा सुरू झाले, परंतु ते सुरू झाले इंग्रजीच्या छताखाली. आयुर्वेदाच्या पाठशाळा होत्या तिथेच राहिल्या.

गणनाथांच्या शिक्षणात ही दोन्ही छते एकत्र आली. घरच्या परंपरेतून संस्कृत आणि आयुर्वेद त्यांच्याकडे आले. संस्कृतात त्यांनी एम. ए. ही पदवी मिळवली, आणि त्याचबरोबर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून एल. एम. एस. ही पाश्चात्त्य वैद्यकाची पदवीही घेतली. त्या काळी या दोन पदव्या एका माणसाच्या नावापुढे दिसणे दुर्मीळ होते. ज्याने शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहून शिक्षण घेतले, त्याने पुन्हा वैद्यकीचा वारसा चालवावा, याचे डॉक्टरांना आश्चर्य वाटे. आणि ज्याने शवाला हात लावला, त्याच्याकडून शास्त्र ऐकावे काय, असा प्रश्न कर्मठ वैद्यांना पडे. गणनाथांनी दोन्हीपैकी एकही घर सोडले नाही. त्यांच्यापुढे सुश्रुताचा दाखला होता. पाहण्याला विरोध करणारा वैद्य आपल्याच आचार्याला विरोध करतो, ही त्यांची भूमिका होती.

याच सुमारास आयुर्वेदाला संघटित रूप देण्याचा उद्योग महाराष्ट्रातून सुरू झाला होता. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी पुढाकार घेऊन १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरवले. दोन वर्षांनी पदेशास्त्री निवर्तले, परंतु त्यांनी लावलेले रोप वाढले. १९११ मध्ये अलाहाबाद येथे भरलेल्या तिसऱ्या संमेलनाचे अध्यक्षपद गणनाथ सेनांकडे आले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्याही आत होते. नाशिकच्या मराठी वैद्याने सुरू केलेल्या कार्याची धुरा काशीत जन्मलेल्या बंगाली कविराजाने वाहिली. त्या पिढीच्या दृष्टीने शास्त्र कोणत्याही एका प्रांताच्या मालकीचे नव्हते.

१९१३ मध्ये गणनाथांच्या ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. नावातच ग्रंथाचा संकल्प होता. शरीर जसे डोळ्यांना दिसते तसे सांगायचे आणि ते संस्कृतात सांगायचे. हे काम वरवर भाषांतराचे वाटते. प्रत्यक्षात ते नामकरणाचे होते. शरीरातील शेकडो स्नायू, धमन्या, मज्जातंतू आणि मेंदूतील बारीकसारीक भाग यांना आयुर्वेदाच्या ग्रंथांत स्वतंत्र नावे नव्हती. जिथे जुने नाव सापडे, तिथे ते नेमके कोणत्या अवयवाला लागू पडते, हे शव पाहून आणि जुने टीकाकार वाचून ठरवावे लागे. जिथे नावच नसे, तिथे ते नव्याने घडवावे लागे. ते घडवताना शब्द व्याकरणाने शुद्ध हवा, उच्चाराला सोपा हवा आणि ऐकताच त्या अवयवाचे रूप डोळ्यांपुढे उभे राहील असा हवा. धातू आणि प्रत्यय यांची संस्कृतातील समृद्धी या कामी आली.

या परिभाषेची गोडी मेंदूच्या बाबतीत विशेष जाणवते. आयुर्वेदीय शारीरग्रंथांत लहान मेंदूला धम्मिल्लक म्हटलेले आढळते. धम्मिल्ल म्हणजे बांधलेला केशभार, अंबाडा. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर बसलेल्या आणि वळ्यावळ्यांच्या या अवयवाला याहून चपखल नाव सुचणे कठीण. संवेदनांचे संदेश ज्या केंद्रातून पुढे जातात, त्या थॅलॅमसला आज्ञाकंद म्हणतात. आणि त्याच्या बाजूला, मेंदूच्या पोटात दडलेल्या एका भागाला राजिलपिंड असे नाव आहे. राजी म्हणजे रेषा, ओळ. पांढऱ्या तंतूंच्या रेषा ज्यातून गेलेल्या दिसतात, असा तो करड्या रंगाचा गोळा. इंग्लंडमधील थॉमस विलिस या वैद्याने १६६४ मध्ये मेंदूच्या शारीरावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या भागाला लॅटिनमध्ये जे नाव दिले, त्याचाही अर्थ रेघारेघांचा पिंड असाच आहे. पाहणाऱ्याचे डोळे जे टिपतात, तेच दोन्ही भाषांतील नावांत उतरले.

हा राजिलपिंड आणि त्याचे शेजारी मिळून मेंदूतील एक महत्त्वाचा समूह बनतो. शास्त्रज्ञ त्याला बेसल गँग्लिया म्हणतात. मराठीत तलगुच्छिका म्हणता येईल. मेंदूच्या तळाशी, खोल जागी असलेले हे पेशींचे गुच्छ. सुमारे १४०० ग्रॅम वजनाच्या मेंदूत ते थोडीशीच जागा व्यापतात. त्यांची लॅटिन नावे मराठीत आणली तर एक छोटे चित्रच तयार होते. एक भाग शेपटीसारखा लांब वळलेला, म्हणून पुच्छाकृती. दुसरा फळाच्या बाठ्यासारखा. या दोहोंचा मिळून राजिलपिंड होतो. त्याच्या आत फिकट रंगाचा गोळा. आज्ञाकंदाच्या खाली मसुरासारखा एक चिमुकला भाग. आणि त्याहून खाली, मेंदूच्या देठात, काळ्या रंगाचा एक पट्टा. त्या काळेपणामुळेच त्याला काळे द्रव्य असे नाव पडले. उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंना ही मांडणी सारखीच असते.

त्यांचे कार्य काय? हात उचलावा, पाऊल टाकावे, शब्द उच्चारावा ही इच्छा मेंदूच्या पृष्ठभागावर आकार घेते. एका क्षणी अशा अनेक हालचाली शक्य असतात. त्यांपैकी कोणतीला वाट द्यायची आणि कोणत्या रोखून धरायच्या, हा निवाडा करण्यात तलगुच्छिकांचा मोठा वाटा असतो. त्यांना धरणाच्या दरवाजांची उपमा शोभेल. फिकट गोळ्यातून एरवी सतत रोखण्याचाच संदेश निघत असतो. दरवाजे बंद ही इथली नेहमीची स्थिती. राजिलपिंडातून निघणारी एक वाट हव्या त्या हालचालीपुरता दरवाजा उघडते, दुसरी वाट नको त्या हालचालींचे दरवाजे अधिक घट्ट लावते. या दोन वाटांचा तोल काळ्या द्रव्यातील पेशी सांभाळतात. त्या डोपामीन नावाचे रसायन राजिलपिंडात सोडतात. त्यामुळे उघडणाऱ्या वाटेला जोर मिळतो आणि बंद करणाऱ्या वाटेचा जोर कमी होतो.

सवयींचेही मोठे भांडार इथेच आहे. पहिलीतले मूल पाटीवर अक्षर गिरवते तेव्हा प्रत्येक वळणाला त्याला विचार करावा लागतो. जीभ किंचित बाहेर येते, पेन्सिल करकरते. काही महिन्यांनी तेच मूल बोलता बोलता लिहू लागते. गिरवण्याने झालेला हा पालट घडविण्यात तलगुच्छिकांचे मोठे काम असते. सायकल, पोहणे, पेटीवरची बोटे, सगळ्यांची हीच कथा आहे.

आणि काळ्या द्रव्यातील पेशी हळूहळू मरू लागल्या, तर? डोपामीन आटते, दरवाजे उघडेनासे होतात. पाऊल उचलायचे ठरवूनही ते जागचे हलत नाही, चेहऱ्यावरचे भाव गोठतात, अक्षर बारीक होत जाते, स्नायू ताठरतात आणि स्वस्थ बसले असताना हात थरथरतो. आयुर्वेदाला परिचित असलेला कंपवात हा या लक्षणांशी जुळणारा विकार. इंग्लंडमध्ये जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे त्याचेच नाव या रोगाला मिळाले. परंतु गणनाथ आपला ग्रंथ लिहीत होते तेव्हा या सर्व यंत्रणेचे रहस्य कोणालाच ठाऊक नव्हते. तलगुच्छिकांचे आकार सर्वांना दिसत होते, त्यांचे कार्य मात्र अंधारात होते. डोपामीन हे मेंदूतील संदेशवाहक आहे, ही गोष्ट कळायला आणखी अर्धे शतक जायचे होते.

सुश्रुताच्या पद्धतीची मर्यादाही नेमकी इथेच होती. सात दिवस पाण्यात ठेवलेल्या शवात हाडे, सांधे, स्नायू, शिरा यांचा पट उलगडतो. लोण्यासारखा मऊ मेंदू मात्र सर्वांत आधी विरघळून जातो. जुन्या ग्रंथांत मस्तकातील मर्मांचे आणि त्यांवरील आघातांचे बारकाईने वर्णन आहे, मेंदूच्या अंतरंगाचे तसे नाही. गणनाथांना परंपरेचा अभिमान होता आणि संहितांतील अनेक विसंगतींचा दोष ते नकलाकारांच्या माथी ठेवीत. तरीही जे प्रत्यक्ष दिसते, ते जुन्या पानावर नाही म्हणून नाकारायचे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या मतांना विरोध झाला. शरीराची रचना नव्या पद्धतीने सांगितली तर आयुर्वेदाचे स्वत्व उरेल काय, हा प्रश्न त्या काळातील वैद्यांच्या वादसभांत धगधगत होता. गणनाथांची काही समीकरणे पुढच्या विद्वानांनी खोडूनही काढली. पाहण्याची वाट मोकळी झाली होती, म्हणूनच त्यांना ती खोडता आली.

४ फेब्रुवारी १९१६ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अथक प्रयत्नांतून काशी हिंदू विद्यापीठाची कोनशिला बसली. त्या समारंभाच्या निमित्ताने गणनाथांनी भारतीय वैद्यकावर इंग्रजीत व्याख्यान दिले, ते पुस्तकरूपानेही प्रसिद्ध झाले. आपल्या जन्मनगरीत, जिथे दिवोदासाने शिकवले अशी श्रद्धा आहे तिथेच, नव्या विद्यापीठाच्या पायाभरणीला वैद्यकाची बाजू मांडण्याचा मान त्यांना मिळाला. पुढे या विद्यापीठात आयुर्वेदाचे शिक्षण सुरू झाले आणि आयुर्वेद विद्याशाखेचे अधिष्ठाता म्हणून गणनाथांचा त्याच्याशी निकटचा संबंध आला. प्राचीन ग्रंथ आणि आधुनिक शारीर, दोन्ही एकाच विद्यार्थ्याला शिकवायचे, ही त्या संस्थेची दिशा होती. या कामात मराठी माणसाचाही हात लागला. डॉ. भास्कर गोविंद घाणेकर यांनी तिथे अध्यापन केले आणि सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदीत जी व्याख्या लिहिली, ती आजही अभ्यासली जाते. १९६० मध्ये याच परंपरेतून विद्यापीठाचे आधुनिक वैद्यक महाविद्यालय उभे राहिले. कलकत्त्यात गणनाथांनी वडिलांच्या नावे विश्वनाथ आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. ‘सिद्धान्तनिदानम्’ हा रोगनिदानावरचा त्यांचा दुसरा महत्त्वाचा ग्रंथ.

गणनाथांचे जे कार्य जगाच्या दृष्टीने सर्वांत दूरवर गेले, ते मात्र काही पानांच्या एका निबंधात सामावले आहे. सर्पगंधा हे गुडघ्याएवढे वाढणारे झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत आढळते. त्याच्या मुळीचा उपयोग सर्पदंश, ताप आणि विशेषतः उन्माद यांवर होत असे. बिहारात ही मुळी वेडावरचे औषध म्हणून बाजारात मिळे. वैद्यांना ती ठाऊक होती, सामान्य लोकांनाही ठाऊक होती, परंतु हे ज्ञान तोंडोतोंडी चालत आलेले. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात इंग्रजी निबंध प्रसिद्ध करून सर्पगंधेचे दोन गुण जगापुढे मांडले. मुळीच्या चूर्णाने उन्मादाचा रोगी शांत होतो आणि त्याचा वाढलेला रक्तदाब उतरतो. दिवसातून दोनदा २० ते ३० ग्रेन चूर्ण द्यावे, असे मात्रेसह त्यांनी नमूद केले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमां सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळीतील काही रासायनिक द्रव्ये वेगळी केली. पाहिलेले लिहून ठेवायचे, मोजून लिहायचे आणि इतरांना पडताळता येईल अशा भाषेत लिहायचे, हा ‘प्रत्यक्षशारीरम्’चाच नियम गणनाथांनी औषधालाही लावला होता.

१९४४ मध्ये गणनाथ सेन यांचे निधन झाले. त्यांच्या निबंधाचे फळ त्यानंतर पिकू लागले.

१९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ब्रिटिश नियतकालिकात सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तिच्यातील मुख्य द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याला रेसर्पीन असे नाव मिळाले. थोड्याच वर्षांत ते जगभरातील मनोरुग्णालयांत पोहोचले. ज्यांना बांधून ठेवावे लागे असे रोगी शांत झाले. परंतु त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत डॉक्टरांना वेगळेच दृश्य दिसले. रोगी मंद झाला, चेहरा निर्विकार झाला, अंग ताठरले, हात कापू लागला. औषध बंद केले की ही लक्षणे ओसरत. वेडावरच्या औषधाने कंपवाताची हुबेहूब नक्कल केली होती. अनेकांना तो केवळ दुष्परिणाम वाटला. काहींना त्यात प्रश्न दिसला. ही मुळी मेंदूतील कोणती गोष्ट काढून घेते?

उत्तर स्वीडनमध्ये मिळाले. १९५७ मध्ये आर्विड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पीन टोचले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना डोपा हे द्रव्य टोचले. शरीरात त्यापासून डोपामीन तयार होते. थोड्याच वेळात सशांचे कान उभे राहिले आणि ते हिंडू-फिरू लागले. पुढच्या दोन वर्षांत स्पष्ट झाले की, डोपामीन मेंदूत स्वतंत्रपणे असते आणि त्याचा सर्वांत मोठा साठा राजिलपिंडात असतो. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे ओलेह होर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी पार्किन्सनच्या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले. त्यांच्या राजिलपिंडात डोपामीन फारच थोडे उरले होते. दुसऱ्याच वर्षी लेव्होडोपा रोग्यांना देण्यात आले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही काळ उठून चालू लागली. तलगुच्छिकांचे दरवाजे कशाने उघडतात, हे अखेर कळले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. लेव्होडोपा हेच आजही या रोगावरचे प्रमुख औषध आहे. ते रोग मुळापासून बरा करीत नाही, पेशींचा ऱ्हास थांबवीत नाही, आणि काही वर्षांनी त्याचेही त्रास सुरू होतात. पण थांबलेले पाऊल ते पुन्हा चालवते.

या कथेत आणखी एक भारतीय वनस्पती आहे. कोकणातल्या रानात शेंगेच्या कुसांनी अंगाची आग करणारी खाजकुइली सर्वांच्या परिचयाची. तिचे बी म्हणजे आयुर्वेदातील कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता. वैद्य ते वातविकारांत वापरीत आले. १९३७ मध्ये मद्रास येथे दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी त्या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढून दाखवले. तेव्हा त्याचा मेंदूशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. एक मुळी मेंदूतील डोपामीन रिते करते, एक बी ते पुन्हा भरून काढण्याची सामग्री बाळगते, आणि दोन्ही भारतीय वैद्याच्या बटव्यात शेजारी शेजारी होती. दोघींचे नाते कळण्यासाठी मात्र बटवा पुरेसा नव्हता. त्यासाठी दिल्ली, मद्रास, मुंबई, बाझल, स्वीडन, व्हिएन्ना अशी मोठी साखळी लागली. प्रत्येक कडीने आपण पाहिलेले पुढच्याला वाचता येईल असे लिहून ठेवले, म्हणून ती साखळी तुटली नाही.

गणनाथ सेनांनी मेंदूतील अवयवांना नावे देण्याचा उद्योग केला आणि सर्पगंधेवर निबंध लिहिला. ही दोन कामे त्यांच्या दृष्टीने वेगळी होती. एक शारीराचे, दुसरे चिकित्सेचे. आपण उजेडात आणलेली मुळीच एके दिवशी राजिलपिंडाचे कार्य उलगडून दाखवील, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. श्रमाचे फळ केव्हा आणि कोणत्या दिशेने येईल, हे शास्त्राच्या उपासकाच्या हाती नसते. नीट पाहणे, पाहिलेल्याला नेमका शब्द देणे आणि तो शब्द इतरांच्या स्वाधीन करणे एवढेच त्याच्या हाती असते. गणनाथांनी ते संस्कृतात केले आणि इंग्रजीतही केले. जिथे ज्या भाषेने विद्यार्थ्यापर्यंत पोहोचता येईल, तिथे ती भाषा त्यांनी वापरली, आणि शब्द नाहीत ही सबब त्यांनी कधी सांगितली नाही.

आज एखाद्या घरात आजोबांच्या हातातील चहाची कपबशी वाजते, गोळी घेतल्यावर तासाभरात ती स्थिर होते आणि ते नातवाचे बोट धरून अंगणात चालू लागतात. त्या चार पावलांच्या मागे सशांचे उभे राहिलेले कान आहेत, मुंबईच्या डॉक्टरांचे रुग्णालय आहे आणि १९३१ मधील काही छापील पाने आहेत. त्याही मागे, फार दूर, काशीच्या परंपरेतला एक आचार्य वाहत्या पाण्यातून काढलेल्या शरीरावर वाळ्याचा कुंचला हळुवार फिरवीत शिष्यांना पाहायला शिकवतो आहे. ते पाहणे मधल्या काळात थांबले होते. ज्यांनी ते पुन्हा सुरू केले, त्यांत कविराज गणनाथ सेन यांचे नाव अग्रभागी राहील.